खडक ओळखू येतो

हडपसरचा स्टुडिओ बंद करून इथं राहायला आलो
तेव्हा हौसाबाई झेंडे म्हणाल्या,
फोटोवाला का? बरं झालं.
आधार कार्डावर मी पार चोरासारखी आलेय.
म्हटलं, तो मला बदलता येत नाही.
मग काय उपयोग, म्हणाल्या, आणि दूध तापवायला गेल्या.

पुरंदरचा हा माळ.
पौषात गवत पिवळं पडतं, गुडघ्याएवढं,
मोज्यांत कुसळं शिरतात, ती वेचता वेचता
अर्धा दिवस जातो. उरलेला जातो
एखाद्या धाविक पक्ष्यामागे,
जो चार पावलं पळतो, थांबतो,
पुन्हा चार पावलं,
घरात काहीतरी विसरून आल्यासारखा.

गावाला हे काम वाटत नाही.
वाटाणा तोडणाऱ्या बाया बांधावरून विचारतात,
आज काय घावलं?
काही नाही.
आम्हाला तरी कुठं भाव घावला, म्हणतात,
आणि ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकतात.
लेन्सच्या कप्प्यात अजून दाणे निघतात,
सुकलेले, सुरकुतलेले.

लांडग्यासाठी मी तीन हिवाळे बसलो.
पहिल्यात एक पाठ दिसली, तीही गवताची असेल.
दुसऱ्यात केसांनी भरलेली विष्ठा,
जिचे मी अकरा फोटो काढले.
तिसऱ्या हिवाळ्यात, एका पहाटे
यमाजी कोळेकरांनी कडी वाजवली:
कॅमेरा घेऊन चला.

मी बूट न बांधताच पळालो.
वाघरीबाहेर एक कोकरू पडलं होतं,
पाठीवर गेरूची खूण,
पोट नव्हतं.
पंचनाम्याला फोटो लागतो, यमाजी म्हणाले,
खूण नीट येऊ द्या. माझं आहे हे कळलं पाहिजे.

मी गुडघे टेकले.
उजेड सुंदर होता.
हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, याची अजून लाज वाटते.
लोकरीच्या टोकांवर दव, त्यात तांबूस ऊन,
आणि मी सवयीनं
दोन पावलं डावीकडे सरकलो.
यमाजींनी ते पाहिलं.
मग मेंढरं मोजायला वळले.

महिन्याभरानं ओघळीच्या काठाला कपार सापडली.
चार पिल्लं.
एक जण आपल्यापेक्षा मोठं पायताण
तोंडात धरून उलटं उलटं ओढत होतं,
पडत होतं, पुन्हा ओढत होतं.
माझे हात इतके थरथरले
की पहिले वीस फोटो वाया गेले.

संध्याकाळी यमाजींना दाखवले.
पटक्याच्या सावलीत पडदा धरून
त्यांनी बराच वेळ बघितलं.
पायताण माझं, म्हणाले.
दिवाळीपासून एकच घालून कुठं हिंडणार,
नवा जोड घ्यावा लागला.
मग बोट ठेवलं, पिल्लांवर नाही, मागे:
हा खडक ओळखू येतो.
कुणाला?
मेंढरं राखणाऱ्या कुणालाही.
आणि सगळे माझ्यासारखे नसतात.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?
माझ्या बापाच्या वेळेपासनं तिथंच वितात त्या.
आणि कोकरू?
यमाजींनी पडद्यावरची धूळ
अंगठ्यानं पुसली.
वनखात्याचं पत्र अजून आलं नाही, म्हणाले.

रात्री बसून मी खडक कापला.
ओघळ कापली, काठावरची बोर कापली,
पुण्याकडच्या डोंगराची निळी रेघ कापली,
जिच्यासाठी मी खरं तर आडवा झोपलो होतो.
उरलं पिल्लू, पायताण
आणि थोडं गवत, जे कुठलंही असू शकतं.

शहरातून मित्र येतात, भिंतीपाशी थांबतात.
कुठला रे हा?
माळावरचा.
माळ कुठला?
मी चहा टाकतो.

हौसाबाई परवा दूध घेऊन आल्या,
पदरानं काच पुसून जवळून बघत म्हणाल्या,
एवढा मोठा फोटो, एवढी भारी चौकट,
आणि आत कुत्र्याचं पिल्लू?
माझा लावायचा होता.

कुत्र्याचंच आहे, म्हटलं.
बसा, हौसाबाई. दारात बसा, उजेडाकडे तोंड करून.