चिमणबागेतला वजनकाटा

प्रश्नावलीत एकूण एकतीस प्रश्न.
त्यातले चार पाण्याबद्दल, एक झोपेबद्दल,
आणि सतरावा: आपण व्यायाम का करता?
उत्तर एका शब्दात.

पहाटे साडेपाचपासून मी चिमणबागेच्या फाटकाशी,
गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड,
माहितीपटाचं नाव अजून ठरायचंय.
लोक न थांबता उत्तरं देतात.
पाच फेऱ्या म्हणतात, मी तीन मोजलेल्या असतात.
रेवाताई पुराणिक म्हणाल्या, तेलकट बंद, अगदी बंद,
आणि सात वाजता त्याच दिसल्या
पोह्यांवर आणखी शेव मागून घेताना, शेजारी जिलेबी,
"तेवढं चालतं हो, घाम गाळलाय."
मी लिहिलं: तेलकट, नाही.
खरं-खोटं करायचे पैसे मला मिळत नाहीत.

कडुलिंबाखाली मोईजचाचा बसतात,
पुढ्यात लोखंडी काटा, एका वजनाचे पाच रुपये.
थंडीत तळवे गारठू नयेत म्हणून वर गोणपाट,
त्याचं वजन ते न विसरता वजा करतात.
आधी सियागंजात दुकान होतं,
तिथंही वजनच करायचो, म्हणाले, लाल मिरचीचं.
पण मिरची पोट आत ओढत नाही.

बावीस वर्षांच्या नऊ वह्या.
उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी, मला ओ की ठो कळेना,
तेव्हा त्यांनीच वाचून दाखवल्या.
नावं नाहीत. नाव विचारणं त्यांना बरं वाटत नाही.
निळी टोपी. बहिरा वकील.
दोन कुत्रेवाली. घरून भांडून येणारा.
पुढे तारीख, किलो, क्वचित एखादा शेरा:
आज बूट काढायला तयार नाही.

मी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला,
म्हटलं, बावीस वर्षांचा डेटा, झाडाखाली, फुकट.
तो म्हणाला, चेहरा कसाय त्यांचा?

सहाव्या वहीत पिवळा स्वेटर आला.
चाचांनी सुपारी गालात सरकवली, वाचत गेले:
पिवळा स्वेटर, डाव्या कोपरावर हिरवी रफू.
एकाहत्तर. एकाहत्तर. सत्तर.
दिवाळीनंतर सदुसष्ट.
डिसेंबरात चौसष्ट, शेरा: आत दुसराही स्वेटर आहे.
संक्रांतीला साठ.

हिरवी लोकर मीच आणली होती, पिवळी मिळेना म्हणून.
नाना म्हणायचे, फेऱ्या वाढवल्यात, उतरणारच.
आम्ही कौतुक करत होतो.
आईनं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडून दिलं,
मग त्याच्या आत आणखी एक,
शेजारी सांगून आली, बघा, पासष्टीत कंबर.
एमवायच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो तो मार्च.

"फिर?"
फिर नहीं चढ़े, चाचा म्हणाले.
यायचे मात्र रोज.
तेव्हा दोन रुपये होते, ते नाणं काट्यावर ठेवायचे,
म्हणायचे, बघा, हलतसुद्धा नाही,
आणि या दगडावर बसून राहायचे,
फेऱ्या नाहीत, काही नाही,
घरी परतायची वेळ होईपर्यंत.

मी बसले होते त्याच दगडावर.
मांडीवर प्रश्नावली, सतराव्या प्रश्नाशी उघडी.

चाचांना मी काही सांगितलं नाही.
चपला काढल्या, गोणपाटावर उभी राहिले.
ते आकड्याकडे बघत होते, मग माझ्याकडे,
मग नवव्या वहीत लिहायला लागले,
आकड्याला लागतं त्याहून बराच वेळ.
काय लिहिलंत, विचारलं नाही.
माझ्याकडे दहाची नोट, त्यांच्याकडे सुटे नाहीत.
म्हणाले, राहू द्या,
पाच उद्याचे.