मिठाची पानं

ग्रंथ सापडला तेव्हा फुगून दुप्पट झाला होता,
पाण्यात पडलेल्या पावासारखा.
फोलाउला तो नीरफणसाच्या फांदीत अडकलेला दिसला.
दोन्ही हातांवर घेऊन आला,
नवजात बाळ आणावं तसा.
मी म्हटलं, ठेव तिथे.
तिथे म्हणजे कुठे, घरच नव्हतं.

राख अजून पडत होती.
पत्र्यांवर, डुकरांच्या पाठींवर,
टाकीतल्या पिण्याच्या पाण्यावर.
दुपारचा कंदील लावून आम्ही माणसं मोजत होतो
आणि मोजणी दर वेळी एकावर अडायची.
पेनिसिमानीवर. माझ्या.

तिसऱ्या दिवशी मी पानं सुटी केली.
शिवण उसवली तशी ती आपसूक वेगळी झाली,
शिजलेल्या माशाचं मांस काट्यावरून सुटतं तशी.
या नारळापासून त्या नारळापर्यंत दोरी बांधली.
चिमटे नव्हते. त्याची गळांची डबी तेवढी सापडली होती.
एका गळाला एक पान.
भक्ती वगैरे नव्हती त्यात,
हातांना काम हवं होतं.

वाळतील तशी वाचली. क्रमाने नाही,
जे आधी वाळेल ते आधी.
एक लांबच लांब वंशावळ आली,
मग कुष्ठरोग्यांचे नियम,
मग दहा बरे झालेले आणि आभार मानायला परतलेला एकच,
मग कुठल्याशा संदेष्ट्याचा अर्धाच संताप,
पुढचं पान समुद्राकडे.

एक पान मात्र वाचलं नाही.
त्यावर पाण्याविषयी काही कबूल केलेलं आहे.
लहानपणी ते म्हणून दाखवल्याबद्दल
मला पांढऱ्या फ्रॉकचं कापड मिळालं होतं.
दोरीच्या शेवटी, उलटं टांगलं ते.
वाळलं तरी काढलं नाही.
कुणाला दिला होतास रे हा शब्द?
मोठ्यानेच म्हणाले मी.
एक डुक्कर थांबलं, बघितलं, पुढे गेलं.

रविवारी देवळाच्या जोत्यावर बसलो.
जोतं तेवढंच उरलेलं.
कमरेला चटई गुंडाळून आलेले चौघेच,
बाकीच्यांच्या वाहून गेल्या होत्या.
पाळक मोठ्या बेटावर अडकलेले, बोट नाही.
म्हातारा कावापालु म्हणाला, वाच गं तू.
वीस वर्षं त्याला दिसत नाही.
मी वाचायची, आणि जिथे पान संपून पुढचं नसे
तिथून तो उचलायचा, मांडीवर बोटं वाजवत.
तो अडला की मागून कुणी दोन ओळी,
कुणी एक शब्द,
कुणी नुसताच सूर.
सगळ्यांचं मिळून एक पान भरायचं.
चुका होत्या. मी सुधारल्या नाहीत.
एका जागी तर म्हाताऱ्याने
आपल्या बुडालेल्या होडीचं नाव घातलं मधेच,
आणि ते बसलंही.

मग फोलाउ म्हणाला, आत्या,
ते उलटं राहिलं.

मी उठले नाही.
तोच गेला. गळातून सोडवताना कोपरा फाटला.
वाचू लागला, आठ वर्षांचं पोर,
जोडाक्षरापाशी दम घेत.
मी पेनिसिमानीचं नाव शोधत होते त्यात.
नव्हतं.
पण फ्रॉकच्या नादात कधी न दिसलेलं एक दिसलं:
पाणी येणारच नाही
असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.
येईल तेव्हा, असं आहे.
तेव्हा.

अख्खं वचन मला पेललं नसतं त्या दिवशी.
तेवढा एक शब्द उचलून आणला,
ओंजळीतून निखारा आणतात तसा,
हात बदलत बदलत.

आता पानं पुन्हा शिवली आहेत,
जाळं विणायच्या दोऱ्याने.
दोन-तीन ठिकाणी क्रम चुकलाय,
पुनरुत्थानानंतर एकदम वंशावळच लागते.
राहू दे.
नव्या पत्र्याखाली रात्री वाचत बसते.
ज्या रात्री तो आठवत नाही अशी रात्र नाही,
आणि ज्या रात्री भांडत नाही मी देवाशी
अशा थोड्या.
पान चिकटतं, उलटत नाही.
मग बोट जिभेला लावते,
पानाला लावते,
पुन्हा जिभेला.

अजून खारट.