हेतू : इतर

देणगीच्या खिडकीवर साडेतीननंतर सहसा कोणी येत नाही.
ती आली जिना चढून, धापा टाकत, हातात नायलॉनची पिशवी,
पिशवीत तीन मोडलेल्या ठेवींचा एक धनाकर्ष,
चौघडी घातलेला, हळदीकुंकवाच्या पुडीसारखा.
मी म्हटलं, बसा.
हसली. "बसायचंच तर काम केलं हो जन्मभर."

तेव्हा ओळखलं. चेहरा नाही, आधी मान ओळखली.
कुलसचिवांच्या दालनात मोठं तैलचित्र आहे,
त्यातली ही मान, डावीकडे जराशी कललेली.
खाली पितळेची पट्टी: बसलेली स्त्री, १९८८.
चित्रकाराचं नाव आहे,
चौकट देणाऱ्या पेढीचंसुद्धा.

एकोणतीस वर्षं.
वाडीतून निघून, मांडवीखालून, फतेगंजपर्यंत बहुधा पायीच.
सुरुवातीला तासाला चार रुपये, चहा वेगळा.
जानेवारीत उत्तरेच्या खिडक्या सताड उघड्या:
उजेड पोरांना, गारठा हिला.
मुंग्या आल्या तरी पायाचा अंगठा हलवायचा नाही,
नेमकं अंगठ्यापाशीच कुणाचं तरी अडलेलं असायचं.

एक लाख त्र्याऐंशी हजार.
आकडा मी दोनदा वाचला, तिने बघितलं मी दोनदा वाचला ते.

संगणक विचारतो: देणगीचा हेतू?
इमारत. उपकरणे. सुवर्णपदक. इतर.
"मातीसाठी लिहू? रंगांसाठी?
की आता बसतात त्या बायकांसाठी, एखादा हीटर?"
ती नाही नाही म्हणत मान हलवत राहिली.
या आवारात तिला इतकी मान हलवताना
कोणी पाहिलं नसेल.

"हीटर त्यांनीच द्यायला पाहिजे. ते दान नव्हे.
रंगवाल्यांनाही मिळतं कुठून ना कुठून.
ती वरच्या मजल्यावरची पोरं, नुसती चित्रं बघून लिहितात ती,
त्यांना द्या."

मग तुटक तुटक कळलं.
दक्षा वणकर, डभोईची, कलेचा इतिहास शिकणारी.
एकदा मधल्या सुट्टीत शाल हातात देताना म्हणाली,
"मासी, बेठां बेठां शुं विचारो छो?"
बसल्या बसल्या काय चालतं मनात.
एकोणतीस वर्षांत हे विचारणारी एकटी.
तिला लिहायचं होतं त्यावर, वही केली होती, निळ्या पुठ्ठ्याची.
दुसऱ्या सत्राची फी जमली नाही. गेली.
कुणी म्हणे लग्न झालं, कुणी म्हणे बोडेलीला टेलिफोनचा बूथ चालवते.
"वही पण गेली," म्हणाली,
आणि टेबलावरचा डाग पदराने पुसला,
माझ्याच चहाचा.

मी टंकलं: चित्र पाहून प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.
रकाना भरला, शेवटचा शब्द अर्ध्यात तुटला.
खोडून लिहिलं: विचारणाऱ्यांसाठी.
मावलं.

"नाव?"
"नाव कशाला? गुप्त लिहा."
"नावाशिवाय पावती निघत नाही, बाई."
तिने आधारकार्ड काढलं, काचेवर ठेवलं:
अनसूया विठोबा फडतरे.
चोवीस वर्षं मी या कचेरीत आहे.
दर महिन्याच्या व्हाउचरवर खाली माझी सही असायची,
वर लिहिलेलं असायचं, मॉडेल क्रमांक दोन.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिला ठाऊक असणार.

पावती तिने लांब धरून वाचली.
"फडतऱ्यांचा फ पुसट आलाय."
शाई संपत आली होती. डबा काढून हलवला, पुन्हा छापली.
तेवढ्यात धीर करून विचारलं,
"मग काय सांगितलं होतं तुम्ही दक्षाला?"
पावतीची घडी पिशवीत ठेवत म्हणाली,
"तिने विचारलं, तिला सांगितलं.
तुम्ही आज विचारताय होय?"

जिन्याच्या वळणावर ती थांबली, दम खायला असेल.
एक हात कठड्यावर, मान डावीकडे.
खाली कँटीनमधून शेव-उसळीचा वास येत होता.
मी वरून बघत राहिलो,
आणि वेळ लावून "झालं, मावशी" म्हणणारं
तिथं कोणी नव्हतं.