आस

वार्डो. नोव्हेंबर. दुपारी दोनलाच अंधार,
आणि मी नगरपालिकेच्या तळमजल्यावर
अडवलेल्या ईमेलची पेटी उपसत बसलेली.
आज चारशे बारा.

लॉटरी. वारसा. पार्सल अडकलंय, इथे टिचकी मारा.
बँकेचं नाव, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे.
ही माणसं शब्द चित्रात दडवतात:
मजकूर कोरा, मधोमध एक चित्र,
चित्रात सगळी थाप.
म्हणून मार्चमध्ये मीच नियम घातला,
चित्र मोठं, शब्द थोडे: पाच गुण.
पाचाला दार बंद.

नियम चोख चालला. एकही तक्रार नाही.
ज्याचं पत्र पोचतच नाही
तो तक्रार कुठल्या पत्राने करणार?

एकशे सत्त्याण्णवावं: आयलिफ क्वामे.
विषय नाही. मजकूर नाही.
वहीचं पान, निळी शाई, वरून काढलेला फोटो,
कोपऱ्यात कपाचा कान आणि एक अंगठा.
‘नळाला तीन आठवडे तांबूस पाणी येतंय.
बोर्गहिल्डला कळवू नका, ती उगाच घाबरेल.
टाइप करायला मी शिकलो नाही.
हे चौथं.’

आधीची तीन सापडली.
पहिल्यात अक्षर केवढं सुबक होतं.

बंदरावर तोर्गुन जाळी सांधते.
तिला मी हे सांगितलं नाही, नुसतं विचारलं,
आस किती ठेवतेस?
सुई दातांत धरून म्हणाली,
बारीक केली की वाटतं आता काही सुटणार नाही.
मग ओढताना कळतं,
निम्मा तर चिखल.

रात्री नियम उसवला.
चित्र पत्राने स्वतःच्या पोटातून आणलं असेल, दोन वजा.
आपण त्या माणसाला कधी उत्तर दिलं असेल, आणखी दोन.
पण जे चित्र परक्या दारावरून ओढून आणावं लागतं,
कुणी डोळा उघडला का हे पाहायला टपलेलं,
त्याला पाचच्या पाच. तिथे दयामाया नाही.

मग चारही पत्रं पाणीखात्याकडे सोडली,
आणि आयलिफला उत्तर लिहिलं, थोडक्यात.
माफी मागताना
‘यंत्रणा’ हा शब्द दोनदा लिहून खोडला.

गुरुवारी त्याचं पाचवं आलं. एक गुण. आत.
खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा ग्लास,
पलीकडे काळा समुद्र, ग्लास स्वच्छ.
शब्द एकही नाही.

त्याच्या मागोमाग एक लॉटरीही शिरली.
ती मी हाताने काढली.