पाणक्या

तेराव्या वर्षी मी इंजिनाचा पाणक्या झालो.
डाकोटाच्या त्या ताटासारख्या सपाट मुलखात
माझं काम एकच:
तळ्यावरून टाकी भरून आणायची,
गुनवाल एक्रेनं शिट्टीची दोरी
दुसऱ्यांदा ओढायच्या आत.

तो पहाटे तीनला उठायचा.
भट्टीला गव्हाचं काड भरवायचा,
घासामागून घास,
आजारातून उठलेल्या पोराला भरवावं तसं.
सहाच्या सुमारास बॉयलर आधी कुरकुरायचा,
मग त्याच्या अंगात यायचं.
मळणीचा लांब पट्टा थरथरला
की अठरा माणसं एका दमात हलायची.

गुनवालची नजर सतत काचनळीवर.
पाणी दोन बोटं खाली गेलं तर
आपण सगळे चर्चच्याही वर जाऊ, म्हणायचा.
हसायचा नाही.
पलीकडच्या गावात एक फुटला होता.
सापडला तो एक बूट, डाव्या पायाचा.

सत्तावीस साली मालगाडीतून उतरला
पेट्रोलचा ट्रॅक्टर, वासराएवढा.
ना भट्टी, ना पाणी, ना पाणक्या.
हँडल फिरवलं, दोनदा शिंकला, चालू.
गुनवाल त्याच्याभोवती एक फेरी मारून
जेवायला गेला.

राग्ना मात्र,
अठरा जणांचं पाच वेळा रांधणारी राग्ना,
स्वयंपाकगाडीच्या पायरीवर
भर दुपारी पहिल्यांदा टेकली.
“सुटले,” म्हणाली नॉर्वेजियनमध्ये,
आणि सगळ्यांना कळावं म्हणून पुन्हा इंग्रजीत.
तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

नव्या सीटवर बसून नांगरताना
गुनवालची मान घडीघडी डावीकडे वळे,
काचनळी असायची तिकडे.
तिकडे नुसतं शेत.

इंजिन कोठारामागे गंजलं.
कोंबड्या भट्टीत अंडी घालायला लागल्या.
पुढे युद्धात भंगारवाल्यांनी ते कापून नेलं,
टनावर पैसे दिले.
त्या दिवशी मी गावात नव्हतो. बरं झालं.

पण आठवतं ते त्याच पहिल्या वर्षीचं.
टाकी विकली होती, घोडे राहिले होते,
स्वार्टन आणि ब्लाकन.
रविवारी हलकी गाडी जुंपून आम्ही चर्चला निघालो
आणि तळ्यापाशी दोघं थांबले.
ओरडलो, लगाम झटकला.
पाणी प्याले नाहीत. हललेही नाहीत.
उभे राहिले,
टाकी भरायला लागतो बरोबर तेवढा वेळ,
मग आपणहून चालू लागले
खांदे वाकवून, जड पावलांनी,
रिकामी गाडी ओढत.