बुधवारचा अर्धा तास

बुधवारी सकाळी सहाला
रिकाम्या पोटी एक गोळी, पेलाभर साधं पाणी,
मग अर्धा तास ताठ बसायचं.
आडवं व्हायचं नाही. कॉफी नाही.
सहा वर्षं आम्ही दोघांनी पाळलं हे,
गोळी तिची, सोबत माझी.
खिडकीबाहेर व्हेटर्न सरोवर,
कधी दिसायचं, कधी नुसतंच ऐकू यायचं,
आणि इंगेगर्ड खुर्चीत अशी बसायची
जणू कुणी फोटो काढतंय.

यॉनशोपिंगच्या या चढावर
एकतीस वर्षं टपाल वाटलं तिनं.
हाडाची टपालवाली.
हातमोजा दातांत धरायची
आणि उघड्या बोटांनी पत्रं सारायची दाराच्या फटीत.
मोज्याच्या कातड्यावर अजून आहेत
तिच्या दातांचे वळ.

मग एक दाढ काढली. साधीच.
डॉक्टर नाहरीन म्हणाली, पंधरा दिवसांत भरून येईल.
स्ट्रॉबेरी आल्या, संपल्या.
खड्डा तसाच.
ऑगस्टात एकदा जेवता जेवता थांबली, म्हणाली,
एव्हर्ट, जिभेला इथं
फुटक्या कपासारखं काहीतरी लागतंय.

ते तिचंच हाड होतं, उघडं पडलेलं.

नाहरीननं कागदावर काढून दाखवलं:
हाडात दोन टोळ्या असतात कामाला,
एक जुनं पाडते, दुसरी नवं रचते.
गोळी पहिलीला घरी बसवते.
मग दुसरी? मी विचारलं.
पाडल्याशिवाय रचणार कुठं, ती म्हणाली,
आणि पेन्सिल खाली ठेवून,
दाढ काढण्याआधी विचारायला हवं होतं मी,
काय काय घेता म्हणून.
तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
बुधवारची गोष्ट
दाताच्या डॉक्टरला कोण सांगतं?

इंगेगर्डची पणजी काड्यापेटीच्या कारखान्यात होती.
एकच फोटो आहे तिचा,
हनुवटीखालून फडकं बांधलेलं, डोक्यावर गाठ.
फॉस्फरस.
अगदी तोच नव्हे, नाहरीन म्हणते, गोळीतला त्याचा लांबचा नातेवाईक.
इंगेगर्ड हसली, दुखलं, तरी हसली.
म्हणाली, शंभर वर्षं उशिरा का होईना
टपाल बरोबर पत्त्यावर आलं.

मला नीट रागावताही येत नाही.
कारण फेब्रुवारीत ती पडली
दगडी पायऱ्यांवर, निसरड्या बर्फावर, सगळ्या अंगानिशी.
आवाज ऐकला आणि दारापर्यंत पोचेतो
मी मनात तिचं ऑपरेशन उरकलं होतं,
चाकाची खुर्चीही आणली होती.
ती उठली. बर्फ झटकला.
टोपी कुठं गेली माझी, म्हणाली.
तिच्या आईचा खुबा याच वयात मोडला होता.
आई पुन्हा उभी राहिली नाही.

आता दिवसातून तीनदा औषधी चुळा.
एप्रिलमध्ये एक तुकडा आपणहून सुटून आला,
तांदळाच्या दोन दाण्यांएवढा.
पुरावा तर फार लहान,
फेकावा तर तिचाच.
बशीत आहे अजून, ओट्यावर,
मीठ आणि चाव्यांच्या शेजारी.

गोळी बंद झालीय.
तरी बुधवारी सहाला दोघांनाही जाग येते.
कॉफी आता लगेच चालते,
आम्ही साडेसहालाच करतो.
मग ती पावाचा लगदा ढवळत बसते
आणि मी माझा कडक पाव
शक्य तितका गुपचूप चघळतो.
जोरात चाव ना, म्हणते,
ऐकू तर दे.