डावी शिफ्ट

दिग्रसला राजिकभाईच्या दुकानात
नऊ हजारांचा लॅपटॉप
तीनदा उघडला, तीनदा मिटला.
बिजागरी गप्प.

"बॅटरी दोन तास जाते, ताई."
म्हटलं, काढा वायर. बसते इथंच.
पैसे बचत गटाचे हायेत.

बसल्या बसल्या बायांची नावं टाइप केली.
कमळा लिहावं तर कमला,
मंगळा लिहावं तर मंगला.
डावी शिफ्ट मेलेली.

तसं आमच्या गावात ळ म्हणते कोण?
कमयाबाई, मंगयाबाई.
डोयात कचरा गेला तरी डोयाच.
पण आधारवर ळ हाय,
अन् बँकेतला साहेब ळच मागते.

"उजवी दाबून पाहा."
दाबली.
कमळा.
तरी चारशे कमी करून घेतले.

बॅटरी गेली एक तास वीस मिनिटं.
मग अजून दोनशे.